वाचक विचारतात: मोबाईलवर मॅक्रो आणि प्रो मोड

प्रश्न: माझ्या फोनला २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा आहे. फुलं, मुंग्या जवळून काढायला जाते तर फोटो एकतर ब्लर येतो नाहीतर रंग फिके. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुमचं फारसं काही चुकत नाहीये, ती लेन्सच तेवढी आहे. या २ मेगापिक्सेलवाल्या मॅक्रो कॅमेऱ्याला बहुतेक वेळा ऑटोफोकस नसतोच, फोकस साधारण ४ सेंटिमीटरवर कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे तुम्ही फार जवळ गेलात तरी ब्लर आणि लांब गेलात तरी ब्लर, आणि स्क्रीनवर कितीही टॅप करा काही फरक पडत नाही. टॅप करणं सोडून द्या, फोनच अगदी हळू पुढेमागे सरकवा आणि पाकळीची कड एकदम शार्प दिसली की तिथेच क्लिक करा. उजेड टिपणारा सेन्सर छोटासा असल्यामुळे भरपूर उजेड हवा, नाहीतर रंग मरणारच.

पण मला विचाराल तर ती लेन्स बाजूलाच ठेवा आणि मेन कॅमेरा वापरा. जवळ जवळ जात राहा, फोकस लागेनासा झाला की थोडं मागे या, तिथून फोटो काढा आणि नंतर क्रॉप करा. मेन कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असेल तर फुल रिझोल्यूशन मोड चालू करा (एरवी फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो), मग तीन चतुर्थांश फोटो कापून टाकला तरी १२ मेगापिक्सेल हातात राहतात, आणि त्यात पाकळीवरच्या शिरा त्या मॅक्रो लेन्सपेक्षा नक्कीच चांगल्या दिसतात.

प्रश्न: माझ्याकडे वेगळी मॅक्रो लेन्स नाही, पण फोन जवळ नेला की फ्रेम एकदम उडी मारते आणि आपोआप मॅक्रो चालू होतं. हे थांबवता येतं का?

उत्तर: येतं. फोन तेव्हा मेन कॅमेरा सोडून अल्ट्रावाइडवर (जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर) जातो कारण ती लेन्स खूप जवळ फोकस करू शकते. आयफोनमध्ये हे २०२१ च्या १३ प्रोपासून आलं, तिथे फोकस २ सेंटिमीटरपर्यंत लागतो. सेटिंग्जमध्ये मॅक्रो कंट्रोल ऑन केलं की स्क्रीनवर फुलाचं चिन्ह दिसतं, त्यावर टॅप करून मॅक्रो बंद करायचं. बाकी बऱ्याच फोनमध्येही असंच बटण असतं. मात्र २ सेंटिमीटरवर फोनची स्वतःचीच सावली पडते, म्हणून उजेड बाजूने येईल असं उभं राहा आणि सावलीच्या बाजूला एक पांढरा कागद धरा, एवढ्याने फोटो बदलून जातो.

प्रश्न: प्रो मोड उघडला की आयएसओ, शटर, ईव्ही, व्हाइट बॅलन्स, एमएफ असं सगळं एकदम समोर येतं आणि मी परत ऑटोवर जातो. सुरुवात कुठून करू?

उत्तर: एमएफपासून, म्हणजे मॅन्युअल फोकस. बाकी सगळं ऑटोवर राहू द्या. पुस्तकं शटर आणि आयएसओपासून सुरू करतात पण मॅक्रो शिकायचं असेल तर तो क्रम मला पटत नाही, कारण जवळच्या फोटोत सगळ्यात जास्त बिघडतो तो फोकसच, एवढ्या जवळून शार्प भाग काही मिलिमीटरचाच असतो आणि ऑटोफोकस मुंगी सोडून मागच्या पानावर जाऊन बसतो. स्लायडर जवळच्या टोकाला न्या, तिथेच सोडा, आणि मग फोन पुढेमागे करून फोकस जुळवा. फोकस पीकिंग असेल तर ऑन करा, शार्प कडा रंगीत दिसतात.

हे हाताला बसलं की शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते. हातात धरून मॅक्रो काढताना १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवा कारण इतक्या जवळून हाताची जराशी थरथरही दिसते, वाऱ्यात किंवा किडा चालत असेल तर १/५०० किंवा त्याहून फास्ट. फास्ट शटर म्हणजे कमी उजेड, आणि बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येतो ते छिद्र) फिक्स असतं, त्यामुळे भरपाई आयएसओनेच, म्हणजे मिळालेल्या उजेडात फोटो उजळवणाऱ्या सेटिंगनेच करावी लागते. शटर १/२०० चं १/४०० केलं तर आयएसओ १०० चा २०० करायचा, उजेड तेवढाच राहतो, फक्त आयएसओ वाढेल तसा फोटोत रवाळपणा येतो. प्रो मोडचा फोटो ऑटोपेक्षा जास्त रवाळ दिसला तर घाबरू नका, ऑटोमध्ये फोन अनेक फ्रेम एकत्र करून ते साफ करतो, प्रोमध्ये बरेचदा तसं करत नाही. घरात लाइटखाली पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० करा (वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२० किंवा १/६०), तेव्हा मात्र फोन कशाला तरी टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडामुळे रंग पिवळट किंवा निळसर होऊ नयेत म्हणूनची सेटिंग, शेवटी. उन्हात साधारण ५५००, पिवळ्या बल्बखाली ३००० केल्विन. ईव्हीचं, म्हणजे फोटो एकूण उजळ किंवा गडद करणाऱ्या सेटिंगचं काय? शटर आणि आयएसओ दोन्ही तुम्ही हातात घेतलेत की बऱ्याच फोनमध्ये ते चालतच नाही, सोडून द्या.

प्रश्न: फुलपाखरं जवळ गेलं की उडतात. काही उपाय?

उत्तर: सकाळी लवकर जा. कीटकांचं शरीर बाहेरच्या तापमानावर अवलंबून असतं, थंडाव्यात ते सुस्त असतात, तेव्हा जवळ जाऊ देतात. तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. आणि टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) असेल तर ३एक्सवर लांबूनच काढा, फुलपाखरासाठी मी तरी आधी तीच लेन्स निवडेन.