फिमाई: आधी संग्रहालय, मग देऊळ

आई-वडिलांना घेऊन बँकॉकला जाताय, कंबोडियातलं अंगकोर या खेपेला जमणार नाही, मग ईशान्य थायलंडमधल्या फिमाईच्या संग्रहालयासाठी एक दिवस मोडावा का आणि आधी देऊळ बघावं की संग्रहालय, असं तुम्ही विचारलंय. दिवस मोडा. आणि आधी संग्रहालय. मी पहिल्या वेळी उलटं केलं होतं, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

देवळात झालं असं की सगळं कोरीवकाम दारांच्या वर. भर उन्हात मान वर करून बघायचं, डोळे दिपतात, पाच मिनिटांत मान धरते आणि शेवटी ‘छान आहे’ म्हणून माणूस पुढे सरकतो. संग्रहालयात मात्र तीच जातकुळी जमिनीवर उतरवून ठेवलीय. ईशान्य थायलंडच्या खालच्या भागातल्या कितीतरी पडक्या देवळांची उत्तरांगं, म्हणजे दारावरच्या आडव्या शिळा, तिथे छातीच्या उंचीवर ओळीने मांडलेली आहेत. छिन्नीचे घाव दिसतील इतक्या जवळून बघता येतात.

एका शिळेपुढे पंधरा मिनिटं थांबा, बाकीच्या आपोआप वाचता येतील. खाली मध्यभागी बटबटीत डोळ्यांचं, खालचा जबडा नसलेलं तोंड असतं. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं ना, तेच. ख्मेर कलेत, म्हणजे अंगकोरच्या राजवटीतल्या कलेत, त्याला काल म्हणतात. त्याच्या तोंडातून दोन्ही बाजूंना पानाफुलांची जाड माळ निघते आणि बऱ्याचदा ते दोन्ही हातांनी ती धरून बसलेलं असतं. त्याच्या डोक्यावर देव. सगळ्यात जास्त वेळा भेटतो ऐरावतावरचा इंद्र. ऐरावत कधी एका डोक्याचा, कधी तीन. माझ्या आईने दुसऱ्या शिळेपासून पाट्या बघणंच सोडलं, आधी स्वतः देव ओळखायची आणि मग मला पाटी वाचायला लावायची.

या शिळा देवळांतून इतक्या सहज का निघाल्या, हा प्रश्न मलाही पडला होता. बऱ्याच ठिकाणी वरचा भार मागची दुसरी शिळा पेलते, कोरलेली शिळा पुढे नुसती बसवलेली असते. त्यामुळे चोरांनाही सोपं. फानोम रुंगच्या देवळातलं शेषशायी विष्णूचं उत्तरांग असंच १९६० च्या दशकात गायब झालं, शिकागोच्या संग्रहालयात सापडलं आणि थायलंडमध्ये बराच आरडाओरडा झाल्यावर १९८८ मध्ये परत आलं.

आता पाट्यांबद्दल, कारण तिथे मी सपशेल आपटलो. एका पाटीवर ‘सतरावं शतक’ वाचलं आणि बायकोला ऐटीत सांगितलं, ‘बघ, आपल्या शिवाजी महाराजांच्या काळातलं!’ ते शतक बुद्धाब्दाचं होतं. थाई सनातून ५४३ वजा करायचे, म्हणजे सतरावं शतक इसवी सन १०५८ ते ११५७ असं येतं. फिमाईचं मुख्य देऊळ साधारण याच काळातलं. गंमत अशी की खुद्द ख्मेर शिलालेख शकात आहेत. फिमाईच्या देवळात दाराच्या चौकटीवर शके १०३० चा लेख आहे. त्यात ७८ मिळवा, ११०८. पंचांग बघणाऱ्या तुमच्या वडिलांना हे तुमच्याआधी कळेल!

आत गेल्यावर बाकी काही राहिलं तरी चालेल, पण सातव्या जयवर्मनची मूर्ती चुकवू नका. ११८१ मध्ये अंगकोरच्या गादीवर आलेला, तिथलं बायोन देऊळ बांधणारा हाच राजा. दोन्ही हात तुटलेत. मांडी घालून बसलाय, अंगावर दागिना नाही, मुकुट नाही, डोळे मिटलेले, मान किंचित पुढे झुकलेली. शरीर थोराड, वयस्क. मी बाजूने बघितलं तेव्हा पाठीचा तो हलका बाक दिसला आणि शेजारच्या घरातले कुणी आजोबा जपाला बसलेत असं वाटलं. ही मूर्ती देवळाच्या आवारातल्या एका जांभ्याच्या शिखरात मिळाली (हो, आपल्या कोकणातला जांभा, तोच दगड). आता तिथे तिची प्रतिकृती आहे. गावातले लोक तिला लोककथेतल्या ब्रह्मदत्त राजाची मूर्ती समजत, म्हणून त्या शिखराचं नावही तेच पडलं.

याच राजाच्या शिलालेखात अंगकोर ते फिमाई रस्त्यावर १७ अग्निगृहं असल्याची नोंद आहे. अभ्यासक त्यांना धर्मशाळा म्हणतात, शब्दही आपलाच. हे डोक्यात ठेवून देवळात गेलात की पूर्वेऐवजी ते आग्नेयेकडे, अंगकोरच्या दिशेला तोंड करून का बसलंय, याचा अंदाज येतो. देऊळ महायान बौद्ध, पण बाहेर दक्षिणेच्या दारावर नाचणारा शिव आणि एका उत्तरांगावर नागपाशात बांधलेले राम-लक्ष्मण. आत गाभाऱ्याशी बुद्ध. आईला याचं काहीच नवल वाटलं नाही, मला मात्र वाटलं.

प्रागैतिहासिक दालनात फिमाईची काळी मडकी आहेत, ती चालता चालता बघितली तरी पुरे.

जायचं कसं: बँकॉकहून कोराट (नकाशावर नाखोन रात्चासिमा) साधारण २६० किलोमीटर, तिथून फिमाई आणखी साठेक. एका दिवसात जाऊन-येऊन वडीलधाऱ्यांचे हाल होतील, कोराटला मुक्काम करा. संग्रहालय मून नदीजवळ आहे, देवळापासून चालत दहा मिनिटं. थायलंडमधली बरीच सरकारी संग्रहालयं आठवड्यात एक-दोन दिवस बंद असतात, तेव्हा वार आधी विचारून घ्या. सकाळी संग्रहालय, मग जेवण, ऊन उतरल्यावर देऊळ. फानोम रुंगलाही जायचं असेल तर कंबोडियाच्या सीमेवरची परिस्थिती आधी बघा. २०२५ मध्ये त्या पट्ट्यात लढाई झाली होती.

आई शाकाहारी असतील तर खानावळीत ‘जे’ एवढाच शब्द म्हणा, मांस, अंडं आणि फिश सॉस तिन्ही टळतात. फक्त तिखट कमी सांगायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो.