निवारा केंद्रात लिहिलेलं रजिस्टर अनुभवात धरायचं का?

पत्र : मी करवीर तालुक्यातल्या पंचगंगेकाठच्या गावची. भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई आशा स्वयंसेविका. 2021 आणि 2024 च्या पुरात ती शाळेतल्या निवारा केंद्रात राबत होती आणि मी तिच्यासोबत रजिस्टर लिहीत होते. पाणी ओसरल्यावर सत्कार झाले ते बोटीवरच्या पोरांचे. मला आपत्ती व्यवस्थापनात काम करायचं आहे. बाबा म्हणतात, "ते बाप्यांचं काम, तू काय बोट चालवणार?" अनुभव म्हणून दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. काय करू?

उत्तर : तुझ्याकडे अनुभव आहे, फक्त तो अजून कुणी कागदावर आणलेला नाही. ते काम आधी करू.

बोटीवरच्या पोरांनी जीव धोक्यात घातला, त्यांचा सत्कार व्हायलाच हवा होता. पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी गाठतं, तेव्हा कुठल्या घरात बाळंतपण जवळ आलंय, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला रोज इन्सुलिन लागतं, हे आशाताईंना तोंडपाठ असतं. 43 फुटांची धोका पातळी यायच्या आत अशी माणसं हलवली, तर त्यांच्यासाठी रात्री बोट काढावीच लागत नाही. टळलेलं संकट कुणाला दिसत नाही, म्हणून ते टाळणारीही दिसत नाही. मला हे मनापासून खटकतं.

कायद्याची नजरही अशीच होती. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगितलंय; तिथे बाई आहे ती मदत घेणारी. आपत्तींचा धोका कमी करण्यासाठी जगभरच्या देशांनी मान्य केलेल्या 2015 च्या सेंदाई आराखड्यात महिलांच्या नेतृत्वावर भर आला. मराठवाड्यात मात्र ते आधीच घडलं होतं. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेसोबत गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. घरदुरुस्तीची माहिती, गवंडीकामावर लक्ष, सरकार आणि गाव यांच्यातला दुवा, हे सगळं त्यांनी केलं. 2001 च्या भूकंपानंतर यातल्याच बायका गुजरातच्या बायकांना मदत करायला गेल्या. बाबांना हे जरूर सांग.

आता तुझं रजिस्टर. अर्जात "पूरग्रस्तांना मदत केली" एवढंच लिहू नकोस. किती कुटुंबं, किती दिवस, कुणाला कुठलं औषध, लहान मुलांचं दूध, सॅनिटरी पॅड, बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय, वैरणीसाठी कोण अडलं होतं, हे जसंच्या तसं लिही. या क्षेत्रात याला गरजांची पाहणी आणि निवारा व्यवस्थापन म्हणतात. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढ, पण लोकांची नावं आणि आजार झाकून. ती माहिती त्यांची आहे. ग्रामपंचायत आणि शाळेकडून तारखांसह अनुभवाचं पत्र माग. आईसाठीही वेगळं पत्र माग. ती स्वतः मागणार नाही.

शिक्षणाचं म्हणशील, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फॉर्मची तारीख चुकवू नकोस. घरची परिस्थिती आत्ता मुंबईला पाठवण्याची नसेल, तर इग्नूचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. सोबत जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र, शीक. भूगोलाच्या मुलीने पूररेषेचा नकाशा स्वतः करून दाखवला की मुलाखतीत बोलायला पुष्कळ मिळतं.

एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, थेट भरती नसते. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांतून तिथे प्रतिनियुक्तीवर जातात, आणि आता त्यात महिला जवानही आहेत. म्हणजे बोट चालवायचीच असेल तर तीही वाट बंद नाही. पण तुझं पत्र वाचून मला वाटतं, तुझा कल नियोजनाकडे आहे. त्यासाठी एमपीएससीही डोळ्यांसमोर ठेव. पुरात तालुक्याची सूत्रं तहसीलदाराच्या हातात असतात, आणि त्या खुर्चीत निवारा केंद्रात राहिलेली मुलगी बसावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

अनुभवाची पत्रं मिळाली की मला कळव. अर्जातला तो परिच्छेद आधी तू मराठीत लिहून पाठव, त्यावर आपण एकत्र बसू. आणि लिहिताना आईला शेजारी बसव. तुला न आठवणाऱ्या निम्म्या गोष्टी तिला आठवतील.