स्पॅमच्या भीतीने चांगला मेल फेकू नका

प्रश्न: आमच्या छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टची मेलिंग लिस्ट मेलमन २.१ या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, मेंबर दोनशेच्या आसपास, पण रोज वीस-तीस स्पॅम मॉडरेशनला, म्हणजे मंजुरीच्या रांगेत, येऊन पडतात आणि ते साफ करणारा मी एकटाच. एक मित्र म्हणतो मेंबर नसलेल्यांचे मेल सरळ डिस्कार्ड कर, म्हणजे न कळवता फेकून दे, कटकट संपेल. शिवाय दोन महिन्यांत जीमेलवाले काही जुने मेंबर आपोआप बंद झालेत, त्यांनी काहीच केलेलं नाहीये. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: डिस्कार्ड नको, हे आधी सांगते. मी ते एकदा केलंय. एका मुलीने जोडाक्षरं तुटतायत म्हणून पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला होता, मेंबर होती जीमेलवरून आणि मेल केला कॉलेजच्या पत्त्यावरून, झालं, मेल गेला. तीन आठवड्यांनी ती एका मीटअपला भेटली तेव्हा म्हणाली, तुम्हाला नको असेल असं वाटलं. तिच्या सेंटमधला मेसेज आयडी घेऊन व्हेट नावाच्या लॉगमध्ये शोधलं तर ‘मेसेज डिस्कार्डेड’ एवढी एक ओळ, मेल कुठेच नाही. तिने परत पाठवला म्हणून बरं, पण किती जणांनी नसेल पाठवला हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

रिजेक्टही (कळवून नकार) नको, स्पॅमवाल्याचा पत्ता खोटा असतो, तुमचा नकार भलत्याच माणसाच्या इनबॉक्सात जाऊन पडतो. तेव्हा होल्डच ठेवा, म्हणजे मेल मंजुरीसाठी थांबू दे, आणि होल्डला येणारा ढीग कमी करा. मेलमनच्या आधी स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा फिल्टर बसवा, तो ५ गुणांना मेल स्पॅम धरतो, पण तेवढ्यावर फेकू नका, दहाच्या वर गेलेलेच टाका आणि मधले डोळ्याखालून घाला. दुसरा मॉडरेटर तर हवाच, मॉडरेटरचा पासवर्ड अ‍ॅडमिनपेक्षा वेगळा असतो त्यामुळे सगळ्या किल्ल्या द्याव्या लागत नाहीत. अडकलेला मेल चांगला निघाला की तिथेच तो पत्ता अ‍ॅक्सेप्टच्या यादीत टाकायची सोय आहे, ती वापरा, म्हणजे त्याच माणसाला पुन्हा थांबावं लागत नाही.

नवीन मेंबरला मॉडरेशनचा फ्लॅग लावून ठेवा आणि पहिला धड मेल आला की लगेच काढा. मेंबरांची यादी फक्त अ‍ॅडमिनला दिसेल अशी करा, पत्ते गोळा करणारे मेंबर होऊनच आत येतात. सबस्क्राइबच्या फॉर्मवर बॉट भलत्यांचे पत्ते भरतात, मग कन्फर्मेशनचे मेल त्या बिचाऱ्यांना जातात, ते स्पॅम म्हणून मार्क करतात आणि नाव खराब होतं तुमच्या सर्व्हरचं. मेलमनच्या कॉन्फिगमध्ये सबस्क्राइब फॉर्म सीक्रेट नावाची सेटिंग भरली की यातलं बरंच थांबतं.

आता जीमेलवाले. बहुतेक हे डीमार्कचं, म्हणजे फ्रॉममधला पत्ता खरा आहे का ते तपासायच्या पद्धतीचं, प्रकरण आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केलं की फ्रॉममध्ये आमचा पत्ता असेल आणि तपासणीत बसत नसेल तर तो मेल घेऊच नका, पुढे इतरांनीही तसंच केलं. आपली लिस्ट सब्जेक्टला कंसातलं नाव लावते, खाली फूटर चिकटवते, त्यात मेलची मूळ डिजिटल सही तुटते. मग याहूवाल्याने लिहिलेला मेल जीमेल परत पाठवतं आणि तो बाउन्स (परत आलेला मेल) लागतो कुणाच्या खात्यावर, तर जीमेलवर नुसतं वाचत बसलेल्या मेंबरच्या! मेलमन बाउन्ससाठी दिवसाला जास्तीत जास्त एक गुण लावतं, पाच झाले की डिलिव्हरी बंद, नंतर आठवड्याच्या अंतराने तीन इशारे आणि मग नावच काढून टाकतं. म्हणजे ज्याने काही लिहिलंच नाही तो बाहेर.

उपाय सोपा आहे. मेलमन २.१.१८ पासून पुढे सेंडर फिल्टरच्या पानावर डीमार्कची सेटिंग आहे, ती मंज फ्रॉमवर ठेवा, म्हणजे अशा मेलच्या फ्रॉममध्ये लिस्टचा पत्ता जातो. (२.१ पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा मेलमन ३ ची तयारीही सुरू करा.)

बंद झालेल्यांच्या नावापुढे नोमेलच्या (डिलिव्हरी बंद) टिकेला बी, म्हणजे बाउन्समुळे बंद, लागलेला दिसेल, ती टिक काढा, नावच गेलं असेल तर इन्व्हाइट पाठवा. आणि प्रत्येकाला काय झालं ते दोन ओळींत कळवा, पण स्वतःच्या पत्त्यावरून, कारण लिस्टचा मेल त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.