सुट्टी संपल्यानंतरची पत्रे

सुट्ट्यांचा हंगाम उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. हंगामाआधी वाचक कुठे जावे आणि बरोबर काय न्यावे हे विचारतात; नंतर मात्र आपण गेलोच कशाला, हा प्रश्न अनेक पत्रांत ओळींच्या मधून डोकावू लागतो. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : भरपूर विश्रांती घेऊन मी कामावर रुजू झालो, पण पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सुट्टी जणू घेतलीच नव्हती असे वाटू लागले. एवढा वेळ आणि पैसा खर्चून हाती काय लागले, याचा हिशोब मी मांडत बसतो. माझीच सुट्टी फसली का?

उत्तर : आपली सुट्टी फसलेली नाही, ती बाकीच्यांच्या सुट्टीसारखीच वागली आहे. मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा कामाचा शिणवटा सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर मोजला होता. सुट्टीत तो उतरला, परतल्यावर तीनच दिवसांत काही अंशी परत आला आणि तीन आठवड्यांत होता तेथे पोहोचला. पुढे येसिका द ब्लूम यांच्या गटाने सरासरी २३ दिवसांच्या लांबलचक सुट्टीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांकडे पाहिले, तेव्हा त्यांचे स्वास्थ्य साधारण आठव्या दिवशी सर्वांत वर गेलेले आढळले आणि कामावर परतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात ते पूर्वपदावर आले. म्हणजे सुट्टी लांबवली, तरी तिचा परिणाम त्या मानाने अधिक टिकतो असे दिसत नाही.

आपण सारे सुट्टीकडून एक विचित्र अपेक्षा बाळगतो. तिने आपल्याला आनंद द्यावा एवढ्यावर आपले समाधान होत नाही. तिने तो आनंद बांधून बरोबरही द्यावा आणि तो वर्षभर पुरावा, असे आपल्याला वाटते. आज अंघोळ केली तरी उद्या पुन्हा करावी लागते, म्हणून आजची अंघोळ वाया गेली असे कोणी म्हणत नाही; सुट्टीला मात्र आपण हा न्याय लावत नाही. माझ्या मते सुट्टीचे मोल ती चालू असतानाच चुकते होते आणि नंतर तिच्या नावावर काही शिल्लक शोधू नये. सुट्टीहून परतलेल्या माणसाने पहिल्या दिवशी हिशोबाची वही उघडावी, यासारखा अरसिकपणा नाही.

तरीही हा उतार थोडा मंद करता येतो. जर्मनीतील शिक्षकांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुट्टीनंतर कामाचा ताण जितका अधिक, तितका सुट्टीचा परिणाम लवकर विरलेला दिसला. ज्यांनी कामावर परतल्यानंतरही फावल्या वेळात निवांतपणा राखला, त्यांच्यात तो अधिक काळ टिकला. तेव्हा परतल्यावरच्या पहिल्या आठवड्यातील संध्याकाळी राहिलेली कामे उरकण्यासाठी राखून ठेवू नयेत. रात्री उशिरा घरी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी थेट कामावर हजर होण्याचा पराक्रमही टाळावा. या पराक्रमाचे कौतुक करणारा माणूस मला तरी अद्याप भेटलेला नाही, करणारे मात्र दरवर्षी भेटतात.

प्रश्न : सुट्टीहून परतून दाराचे कुलूप काढले, तर घरात एक अनोळखी वास भरलेला होता. तो आमच्या घराचा नेहमीचाच वास आहे, असे माझी पत्नी म्हणते. मला वाटते काहीतरी बिघडले आहे. खरे कोण?

उत्तर : कौटुंबिक शांततेसाठी सोयीची गोष्ट अशी की दोघेही खरे असू शकता. एकच वास सतत येत राहिला की आपले नाक आणि मेंदू त्याची दखल घेणे कमी करतात. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या घराचा वास जाणवतो आणि स्वतःच्या घराचा जाणवत नाही. काही दिवस बाहेर राहिल्यावर ही सवय सुटते आणि परतल्यानंतर थोडा वेळ आपण स्वतःच्याच घरात पाहुण्याच्या नाकाने वावरतो. पाहुणे आजवर आपल्याविषयी काय समजत आले असतील, हे कळण्याची ती एकमेव संधी असते आणि ती फार सुखद असतेच असे नाही.

आपल्या शंकेचे कारण मात्र न्हाणीघरात सापडण्याची शक्यता आहे. बेसिनच्या आणि जमिनीवरील जाळीच्या खाली नळीला एक वळण दिलेले असते. त्या वळणात नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि तेच सांडपाण्याच्या वाहिनीतील वायूंना घरात येण्यापासून अडवते. घर बरेच दिवस बंद राहिले की हे पाणी आटते, अडसर नाहीसा होतो आणि वाहिनीतील हवा निर्वेधपणे आत येते. प्रत्येक जाळीत तांब्या दोन तांबे पाणी ओतावे, खिडक्या उघडाव्यात आणि नळांत साचून राहिलेले पाणी काही मिनिटे वाहू द्यावे. एवढे करूनही वास राहिला तर प्रवासाची बॅग उघडून पाहावी. तळाशी ओला टॉवेल असतो. तो कोणी ठेवला, याची चौकशी करू नये.

प्रश्न : सुट्टीत उशिरा झोपण्याची आणि उशिरा उठण्याची सवय एका रात्रीत लागते, ती मोडायला मात्र आठवडा जातो. हा शुद्ध आळस आहे, असे घरातील ज्येष्ठांचे मत आहे. आपले मत काय?

उत्तर : ज्येष्ठांचा मान राखून असे म्हणतो की दोष काही अंशी शरीरातील घड्याळाचा आहे. बाहेरच्या उजेडाचा प्रभाव काढून टाकला, तर माणसाचे हे घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा किंचित लांब चालते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात ही लांबी सुमारे २४ तास ११ मिनिटे भरली. त्यामुळे झोप पुढे ढकलणे बहुतेकांना सोपे जाते आणि अलीकडे आणणे जड जाते. पूर्वेकडचा विमानप्रवास पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा अधिक त्रास देतो, तोही याच कारणाने. शरीराची वेळ आणि समाजाची वेळ यांच्यातील या ओढाताणीला टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सामाजिक जेट लॅग’ असे नाव दिले. उपाय साधा आणि अप्रिय आहे. लवकर अंथरुणावर पडून छताकडे पाहत राहण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करावी आणि उठताच उजेडात जावे; सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा उजेड ते पुढे ढकलतो. सुट्टी संपण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत हे सुरू करणे सर्वांत उत्तम, परंतु तसे करणारा माणूस मुळात असा प्रश्न विचारतच नाही.

प्रश्न : सुट्टीत वजन नक्की किती वाढते?

उत्तर : आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी. अमेरिकेत वर्षअखेरीच्या सणासुदीत १९५ प्रौढांची वजने घेतली गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी वाढ ०.३७ किलो निघाली, मात्र त्या लोकांचा स्वतःचा अंदाज त्याच्या चौपटीहून अधिक होता. इथवर वाचून हायसे वाटले असल्यास पुढचा भागही सांगणे आले : ही वाढ नंतरच्या महिन्यांत फारशी उतरली नाही.

प्रश्न : मी परतले तेव्हा ईमेलचा डोंगर साचलेला होता आणि प्रत्येक सहकारी ‘कशी झाली सुट्टी?’ असे विचारत होता. या दोन्हींचे काय करावे?

उत्तर : ईमेल नव्यापासून जुन्याकडे वाचत जावीत. जुन्या पत्रांतील अनेक तातडीचे प्रश्न आपल्याविना सुटलेले असतात, ही गोष्ट दिलासा देणारी आहे आणि थोडी अपमानास्पदही. डाइमलर या जर्मन वाहन कंपनीने तर २०१४ च्या सुमारास कर्मचाऱ्यांना अशी सोय दिली की रजेच्या काळात आलेली पत्रे आपोआप पुसली जावीत आणि पाठवणाऱ्याला कोणाशी संपर्क साधावा ते कळवले जावे. ज्यांच्याकडे अशी सोय नाही, त्यांनी आपण रजेवर असल्याच्या स्वयंचलित निरोपात परतण्याची तारीख एक दिवस पुढची लिहावी.

सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत द्यावे. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा स्वतःच्या सुट्टीची हकिगत तयार असते आणि तिला वाट करून देण्यातच सौजन्य आहे. छायाचित्रे मागितल्याशिवाय दाखवू नयेत; मागितली तर मोजकीच दाखवावीत आणि त्यांत निदान एखादे मावळत्या सूर्याचे नसावे.

प्रश्न : परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पुढच्या सुट्टीची आखणी सुरू केली. घरचे हसतात. हे पळपुटेपणाचे लक्षण आहे का?

उत्तर : नाही. नेदरलँड्समध्ये दीड हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुट्टीवर जाणारे लोक जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परतल्यावर मात्र घरीच राहिलेल्यांत आणि त्यांच्यात विशेष फरक उरला नाही, अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अत्यंत निवांत गेली त्यांचा. वाट पाहण्यात एवढा आनंद असेल, तर वाट पाहणे लवकर सुरू करण्यात शहाणपणच आहे. एकच लांब सुट्टी घेण्याऐवजी ती दोन-तीन ठिकाणी वाटावी, म्हणजे वाटही दोन-तीनदा पाहता येईल. रजेचा अर्ज मात्र आजच देऊ नये. वरिष्ठांना आपण परत आल्याची खात्री पटण्यास थोडा अवधी द्यावा.