वाचक विचारतात : मेणवलीचा वाडा

प्रश्न : आमच्या दादरच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या पंचवीस जणांना नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा पाहायचा आहे. एका दिवसात जाऊन येणं जमेल का?

उत्तर : जमेल, पण करू नका. बसने एका बाजूचेच पाच-सहा तास लागतात. शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या अलीकडे अडकलात तर त्याहून जास्त. पुणं ओलांडून खंबाटकी घाट उतरला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, म्हणजे वाई. मुक्काम तिथेच करा. मेणवली पुढे तीनेक किलोमीटरवर आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत वाडा आणि कृष्णेकाठचा पायऱ्यांचा घाट दोन्ही निवांत होतात. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे एवढ्या मंडळींनी आधी विचारल्याशिवाय निघू नये. कुठला भाग खुला आहे, तेही तेव्हाच विचारून घ्या. चहा-नाश्ता, स्वच्छतागृह वगैरे वाईतच उरकावं.

जुन्या वाड्यांचे जिने भिंतीच्या जाडीतून काढलेले, अंधारे आणि उंच पायऱ्यांचे असतात. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खालचे चौक निवांत पाहावेत, काही चुकत नाही. दारं बुटकी, तेव्हा डोकं सांभाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि नदीच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. पाणी सोडलं की कृष्णा पायऱ्या चढते. तेव्हा घाटावर उतरायचंच नाही.

प्रश्न : मुलांना नेलं की ‘रिकाम्या खोल्या काय बघायच्या?’ म्हणतात. त्यांना काय दाखवावं?

उत्तर : खोल्या नका दाखवू, खण मोजायला लावा. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फूट. वाड्याचा सगळा हिशोब याच मापात. खोली किती खणी, ओसरी किती खणी, हे मोजत मुलं एक चौक संपवतात, आणि इथे चौक आहेत सहा. मग एका खांबापाशी उकिडवं बसवा. लाकूड थेट जमिनीत रोवलेलं नसतं. खाली दगडी तळखडा असतो. जमिनीची ओल आणि वाळवी लाकडात चढू नये म्हणून ही सोय. आता नजर वर न्यायची : खांब, त्याच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त, त्यावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं आणि कड्यांवर पाट म्हणजे फळ्या. माडीचा भार याच वाटेने तळखड्यापर्यंत उतरतो. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही वाड्यात मुलं आपणहून वर बघायला लागतात. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा का, हेही विचारा. उत्तर भिंतीची जाडी आणि चौकातून खेळणारी हवा यांत आहे. दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, मात्र मुलं स्वतःच शोधतात. एकेकाने वाकूनच आत यायचं, हा तिचा बंदोबस्ताचा हेतू सांगितला की पुरे.

प्रश्न : भिंतींवरची चित्रं मोबाइलमध्ये नीट येत नाहीत. फ्लॅश चालेल का?

उत्तर : नको. परवानगी असली तरी फ्लॅशने मधोमध पांढरा डाग येतो आणि रंग सपाट दिसतात. दाराच्या उजेडाला थोडं तिरकं उभं राहा, कोपर अंगाला टेकवा, नाइट मोड लावा. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रावर ओला रुमाल फिरवणारे महाभाग असतात; यासारखं नुकसान दुसरं नाही. भिंतीत मुरलेलं पाणी वाळताना क्षार पृष्ठभागावर आणतं, त्यांचे स्फटिक गिलाव्याला आतून ढकलतात आणि चित्र पोपडा होऊन गळतं. पावसाळ्यात छत गळलं तरी हेच होतं. हाताच्या तेलकटपणावर धूळ बसते ती वेगळीच.

प्रश्न : घाटावर चर्चची घंटा आहे म्हणतात, ती खरी का?

उत्तर : खरी. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून आलेली ही घंटा. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात आहे. वजन सुमारे 650 किलो. समोरून पाहिलं तर उठाव कळत नाही. बाजूने उजेड पडेल असे उभे राहा. वसईच्याच घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही आहेत. मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ तिथेच घाटावर, तेही बघून घ्या.

प्रश्न : नानांची कागदपत्रं वाड्यात पाहायला मिळतात का?

उत्तर : नाही. ‘मेणवली दफ्तर’ म्हणून प्रसिद्ध असलेली ती कागदपत्रं आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत.