बुद्धिबळात एकाकडे उंट नि दुसऱ्याकडे घोडा अशा एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) आधी हे बघ

अरे इंजिन (चाली सुचवणारं सॉफ्टवेअर) लगेच लावू नकोस, आधी पट मांडून स्वतः बघ. सुरुवातीला सगळ्यांची हीच चूक होते, राजा कोपऱ्यात बसवून नुसता उंटच हलवत राहायचं. वजीर-हत्ती गेले की राजा मधे आण, तो आता लढणारा मोहरा आहे.

मग प्यादी बघ, तुझी प्यादी तुझ्याच उंटाच्या रंगाच्या घरांत अडकली असतील तर उंट जवळपास मेला समज. प्यादी पटाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना असतील तर बहुतेकदा उंट भारी, एकाच बाजूला असतील तर घोडा.

आणि मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) करण्याआधी हे तपास: पांढऱ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि एकच एच-प्यादं (कडेच्या एच रांगेतलं) उरलं, नि काळ्याचा राजा एच८ला, म्हणजे ते प्यादं जिथे वजीर होणार त्या कोपऱ्यात, पोचला की ड्रॉ, कारण ते घर काळं आहे, उंट त्याला तिथून हाकलू शकत नाही.