रुजू होण्याआधी पगाराविषयी थोडं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत निवड झाली, आनंद झाला. आता तुझा प्रश्न. गुरुजींना गलेलठ्ठ पगार असतो म्हणतात, मग तुझ्या हातात सोळाच हजार कसे?

दोन्ही खरं आहे. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून नुसतं ठरावीक मानधन, मग २९,२०० पासूनची वेतनश्रेणी, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. कायम झालेल्या प्राथमिक शिक्षकाचा पगार तुटपुंजा आहे असं मी म्हणणार नाही. विनाअनुदानित शाळेतल्यांचे हाल पाहिले की आपण कुरकुर जरा जपूनच करावी.

माझा राग त्या पहिल्या तीन वर्षांवर आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकला ३,००० होते. पुढे ६,००० झाले आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकले. १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. डी.एड., शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), अभियोग्यता चाचणी सगळं पार करून आलीस, पण काम काही कमी मिळणार नाही. हजेरीपट, पोषण आहाराच्या नोंदी, यूडायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, वर मतदारयादीच्या कामाची, म्हणजे बीएलओची ड्युटी. दोनशिक्षकी शाळेत नवीन माणसाच्या गळ्यात जरा जास्तच पडतं. शेजारच्या वर्गातले ज्येष्ठ गुरुजी त्याच कामाचे चौपटीहून जास्त घेतात. अनुभवाचा मान ठेवूनही हा फरक मला पटत नाही.

पेन्शनचंही तसंच. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही; मार्च २०२३ चा संप त्यावरूनच झाला. कायम झाल्यावर राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) तुझे दहा टक्के कापले जातील, सरकार चौदा घालेल; त्याच योजनेत राहिलीस तर पुढे काय हाती येईल ते बाजार ठरवणार. मला मात्र निवृत्तीनंतर जुन्या पेन्शनची दरमहा ठरलेली रक्कम येते. तेव्हा पगारपत्रकावर आकडा सारखा दिसला तरी तुझा आणि माझ्या नोकरीतला पगार सारखा नाही.

तरी नोकरी घे. फक्त तीन वर्षं हप्त्यांवर काही घेऊ नकोस. खोलीभाडं आणि पेट्रोल वजा करून मगच घरी किती पाठवायचे ते ठरव. रुजू अहवालाची प्रत जपून ठेव. तीन वर्षं भरत आली की नियमित वेतनश्रेणीच्या प्रस्तावामागे स्वतः लाग, नाहीतर थकलेल्या पगारफरकाच्या बिलासाठी पंचायत समितीत हेलपाटे ठरलेले. आणि कायम झालीस की संघटनेच्या बैठकीत शिक्षणसेवकांच्या मानधनाचा विषय काढ. कायम झालेले सहसा तो काढत नाहीत.

तुझे,
गुरुजी